जुन्या 'किंग ऑफ फायटर्स'ची ऑनलाइन कुस्ती : स्पर्धा कशी चालते, अन् सावध कुठं राहायचं?

तालुका प्रतिनिधी : एसटी स्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात नाणं टाकून खेळलेली पोरं आता चाळिशीला आली. दुकानं बंद पडली, पण तिथला 'किंग ऑफ फायटर्स ९७' हा मारामारीचा गेम काही संपला नाही. आज त्याच्या स्पर्धा इंटरनेटवर होतात. जुन्या गेमच्या अशा स्पर्धेला 'रेट्रो टूर्नामेंट' म्हणतात. घरातला पोरगा 'माझी मॅच आहे' म्हणून दार लावून बसला, तर तो नेमकं काय करतोय हे आईबापाला कळलं पाहिजे. त्यासाठी ही माहिती.

गेम काय आहे?

जपानमधल्या ओसाकाच्या एसएनके कंपनीनं १९९४ साली ही मालिका सुरू केली. कंपनीचे आधीचे गेम वेगवेगळे होते. 'फेटल फ्युरी'तला टेरी, 'आर्ट ऑफ फायटिंग'मधला रियो, 'इकारी वॉरियर्स'मधले राल्फ आणि क्लार्क, सगळे एका गेममध्ये आणले. जत्रेत वेगवेगळ्या तालमींचे पैलवान एकाच आखाड्यात उतरतात, तसंच हे. याला 'क्रॉसओव्हर' म्हणतात.

प्रत्येकाकडं तीन गडी. एकावेळी एकच उतरतो. जिंकलेला तिथंच थांबतो, त्याला थोडी ताकद परत मिळते आणि समोरून नवा गडी येतो. तिन्ही गडी पडले की डाव गेला. त्यामुळं कुणाला आधी उतरवायचं अन् कुणाला राखून ठेवायचं, यातच अर्धा खेळ असतो.

स्पर्धा कशी होते?

आयोजक बहुतेक वेळा 'डिस्कॉर्ड' नावाच्या ॲपवर नावं घेतात. मग कुस्तीसारख्या जोड्या लावतात. दोन डाव आधी जिंकेल तो पुढं, फायनलला तीन. बऱ्याच ठिकाणी एकदा हरलं म्हणून लगेच घरी जावं लागत नाही. हरलेल्यांची वेगळी रांग असते, तिथं पुन्हा हरला की मग बाहेर. छुपे, जादा ताकदीचे गडी घ्यायला आयोजक मनाई करू शकतात. मोठ्या लढती यूट्यूबवर लाइव्ह दाखवतात.

नेटचा खरा घोळ

शेजारच्या टीव्हीवर विकेट पडल्याचा आरडाओरडा होतो अन् आपल्या मोबाईलवर बॉलर अजून धावतच असतो, हे सगळ्यांनी बघितलंय. मॅच बघताना ते चालतं. पण या गेममध्ये सेकंदाला साठ चित्रं पळतात. तेवढ्यात ठोसा अडवायचा असतो. जरा उशीर झाला की मार बसलाच.

आधीच्या पद्धतीत समोरच्याचं बटण पोचेपर्यंत दोन्हीकडचा गेम थांबायचा, मग सगळं जड चालायचं. अमेरिकेतल्या टोनी कॅनन यांनी 'जीजीपीओ' बनवून यावर तोड काढली. यात गेम थांबत नाही. समोरच्यानं आधीचंच बटण दाबून धरलंय असं धरून गेम पुढं जातो. अंदाज चुकला, तर क्षणभर मागं जाऊन हिशेब दुरुस्त करतो. याला 'रोलबॅक' म्हणतात. संगणकावरच्या 'फाइटकेड'वर जुने गेम अशाच पद्धतीनं खेळतात. खुद्द '९७'ची ऑनलाइन खेळता येणारी आवृत्ती 'ग्लोबल मॅच' २०१८ मध्ये आली. नेट मात्र स्थिर पाहिजे. टॉवरची रेंज ये-जा करत असेल तर कुठलंच तंत्र उपयोगाचं नाही.

पैशाचं काय?

इथंच नीट लक्ष द्या. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळावर बंदी घातली, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. ई-स्पोर्ट्स म्हणजे स्पर्धात्मक गेमिंग वेगळं धरलंय. त्यात प्रवेश फी आणि बक्षीस असू शकतं, पण पैज लावता येत नाही.

मग घरच्यांनी काय बघायचं?

- स्पर्धा कोण घेतंय, नियम लिहिलेत का, जोड्या सगळ्यांना दिसतात का?
- फी असेल तर ती एकदाच अन् ठरलेली आहे का? दर डावाला पैसे मागितले तर तो खेळ नाही, जुगार आहे.
- व्हॉट्सॲपवर कुणी 'टूर्नामेंटची फाइल' पाठवली तर ती मोबाईलमध्ये टाकू नका.
- खेळायला ओटीपी, यूपीआय पिन किंवा आधारचा फोटो लागत नाही. बक्षीस देतो म्हणून आधी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका. लगेच सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

पोराचा मोबाईल हिसकावून घेण्याआधी एक डाव त्याच्याशेजारी बसून बघा. तो खेळतोय की पैसे लावतोय, हे तिथंच कळेल.