दिवसापुरती मंदी

सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४. अकोला.

सकाळी ८:३०

ऑफिसचं शटर वर जायच्या आत अमरावतीहून फोन. हे ग्राहक एमआर आहेत. डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसून कोणतं औषध चालतं आणि कोणतं नुसतं गाजतं, याचा त्यांना चांगला अंदाज असतो, हे मी मानतो. "भाऊ, ते बायोटेकवाली कंपनी भल्ली चढली. औषधात काई दम नाई तिच्या. आज इकूनच टाका." जवळ एकही शेअर नाही, तरी विकायचा. यालाच शॉर्ट करणं म्हणतात: आधी विकायचं, भाव पडला की घ्यायचं आणि मधला फरक खिशात घालायचा. जुन्या भाषेत हे मंदीवाले. बाजारात मंदीवाल्याकडे लोक अपशकुनी म्हणून बघतात. मला ते पटत नाही. फुगवलेल्या कंपनीचा हिशेब सगळ्यांत बारकाईने तोच वाचतो.

सकाळी ९:००

शनिवारी विधानसभेचे निकाल लागले. शुक्रवारी सेन्सेक्स १,९६१ अंकांनी चढला होता, त्यावर आज प्री-ओपनमध्ये आणखी हजार दिसतायत. जो येतो तो एकच म्हणतो, आता पडणारच. म्हणजे आज शॉर्टवाल्यांची गर्दी.

सकाळी ९:४०

एमआर साहेबांची ऑर्डर संगणकाने परतवली. त्यांची कंपनी ट्रेड टू ट्रेडमध्ये आहे. एक्स्चेंजच्या देखरेखीखालच्या अशा शेअरमध्ये सकाळी विकून दुपारी घेणं चालत नाही. विकलं की माल द्यावाच लागतो. छोट्या, गाजावाजावर चालणाऱ्या कंपन्या बऱ्याचदा याच कप्प्यात जाऊन बसतात. म्हणजे जिथे मंदी करावीशी वाटते, तिथे दारच बंद.

त्यांना वाटतं, ब्रोकर आडवा येतो. मी समजावतो. समजा, दार उघडं असतं. तुम्ही शंभरला विकला आणि दुपारी त्याला वरचं सर्किट लागलं. घेणारे रांगेत, विकणारा कोणी नाही. तुम्हाला परत घेता आला नाही, तर दुसऱ्या दिवशी एक्स्चेंज तुमच्या नावाने लिलावात तो माल उचलतं आणि भाव २० टक्क्यांनी वर गेला तरी बिल तुमचंच. पडून पडून शेअर शून्यावर जाईल, तुमचा नफा फार तर शंभर. चढायला मात्र कमाल मर्यादा नाही. अमेरिकेत २०१५ च्या नोव्हेंबरात कॅलोबायोस नावाच्या कंपनीने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ती संपलीच समजून लोकांनी शॉर्ट केली. काही दिवसांतच मार्टिन श्क्रेली आणि त्याच्या साथीदारांनी निम्म्याहून जास्त शेअर उचलले आणि भाव रातोरात कैक पट झाला. श्क्रेलीला पुढच्याच महिन्यात अटक झाली, पण तोवर मंदीवाल्यांची खाती धुऊन निघाली होती.

"मंग दुसरं सांगा," ते म्हणाले. शेवटी वायद्यातली एक मोठी औषध कंपनी त्यांनी दिवसापुरती विकली.

सकाळी ११:१५

मूर्तिजापूरकडचे एक शेतकरी आले. त्यांना बियाण्याची एक कंपनी शॉर्ट करायची आहे. कारण साधं: शेतात गुलाबी बोंडअळी. खरं तर वऱ्हाडाला बायोटेक म्हणजे काय हे आमच्या टर्मिनलच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. बीटी कपाशीला २००२ च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं बीजी-२ आलं, आणि २०१७ येईतो बोंडअळीने त्यालाही जुमानलं नाही. पाकिटाचा भावही बाजार ठरवत नाही. २०१६ मध्ये केंद्राने ४५० ग्रॅमचं पाकीट ८०० रुपयांवर आणलं आणि त्यातली तंत्रज्ञानाची फी १६३ वरून ४९ केली. बियाणे कंपनीच्या नफ्याला असा एक सरकारी कागद पुरतो.

त्यांचं निदान बरोबर आहे. पण बोंडअळी आज दुपारी साडेतीनपर्यंत भावात उतरेल, असं कशावरून? त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. चहा पिऊन, काही न विकता गेले.

दुपारी १:००

बाजार वर जाऊन तिथेच बसलाय. बोलणं सोयाबीनवर घसरतं. हमीभाव ४,८९२, बाजार समितीत त्याहून बरंच खाली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये हेच सोयाबीन दहा हजारांपर्यंत गेलं होतं. त्याच वर्षी २० डिसेंबरला सेबीने सोयाबीनचे वायदे थांबवले आणि ती बंदी वाढत वाढत इथवर आली. मला हे खुपतं. ज्याच्या घरात पोती पडून आहेत, त्याला आजच्या भावात पुढचा माल विकून ठेवता येत नाही. ज्याच्याकडे एक शेअर नाही, त्याला मोबाइलवर दिवसभर मंदी खेळता येते. कारंज्याला १८८६ मध्ये कापसाचा देशातला पहिला नियमन केलेला बाजार उभा राहिला, त्या मुलखात हे चाललंय.

दुपारी ३:१०

शॉर्टवाल्यांना फोनावर फोन. ३:२० च्या सुमारास यंत्र स्वतःच सौदे कापायला लागतं आणि त्याला भावाची पर्वा नसते. एमआर साहेब थोड्या तोट्यात सुटले. सेन्सेक्स ९९३ अंकांनी वर, ८०,११० च्या आसपास बंद.

"पण ते पडनारच हाय," ते म्हणतात. असेलही. पडेल तेव्हा सौदा हातात असेल का, इतकंच मी विचारतो.

दुपारी ४:३०

काँट्रॅक्ट नोट, मार्जिनचा हिशेब. दिवसाच्या पलीकडे शॉर्ट न्यायचं तर शेअर उसने घ्यावे लागतात. ती सोय २००८ पासून आहे, पण आमच्या ऑफिसात कोणी वापरत नाही. दुसरा रस्ता फ्युचर आणि पुट ऑप्शनचा. गेल्या आठवड्यात सेबीने इंडेक्सच्या नव्या करारांचा किमान आकार १५ लाखांवर नेला. त्याआधी सप्टेंबरात त्यांचाच अहवाल आला: तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात. तो कागद मी काउंटरवर काचेखाली ठेवलाय. लोक त्यावर चहाचा कप ठेवतात.

रात्री ८:००

अमेरिकेचा बाजार उघडला. कसावा सायन्सेस या कंपनीचं अल्झायमरवरचं औषध शेवटच्या टप्प्यातल्या चाचणीत नापास झाल्याची बातमी बाजार उघडायच्या आधीच आली होती. शुक्रवारी २६ डॉलरवर बंद झालेला शेअर आज चारच्या घरात. मधले बावीस डॉलर कोणी बघितलेच नाहीत. बाजाराच्या नेहमीच्या वेळेत त्या भावांना सौदेच झाले नाहीत.

औषधाच्या शेअरची पडझड बहुतेक अशीच, बाजार बंद असताना होते. वोक्हार्टसारखे महिनोन्‌महिने घसरणारेही असतात: २०१३ च्या मार्चमध्ये दोन हजारांच्या घरात, मे महिन्यात वाळूजच्या कारखान्यावर अमेरिकेची आयातबंदी, आणि ऑगस्टपर्यंत पाचशेच्या खाली. पण चाचणीचा निकाल, एफडीएचं पत्र, कंपनीचा खुलासा यांना ९:१५ ते ३:३० ही वेळ ठाऊक नसते. दिवसापुरता शॉर्ट करणारा नेमका तेव्हा घरी जेवत असतो.

आणि कसावावर ज्यांनी रात्र रात्र सौदे धरले, त्यांचंही सोपं नव्हतं. २०२१ च्या ऑगस्टमध्येच शॉर्ट केलेल्या शास्त्रज्ञांच्या वतीने एफडीएकडे तक्रार गेली होती. संशोधनाच्या आकड्यांवर बोट ठेवलं होतं. यंदा सप्टेंबरात कंपनीने अमेरिकेच्या रोखे आयोगाला चार कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. तरी शेअर अध्येमध्ये उसळतच राहिला, आणि तीन वर्षं उसन्या शेअरचं व्याज चालूच.

एमआर साहेबांचा मेसेज आलाच: "आपल्याले इथून हे शॉर्ट करता आलं असतं काय?" नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत बाहेर पाठवलेले पैसे परदेशी एक्स्चेंजच्या मार्जिनसाठी वापरता येत नाहीत. तसं कळवलं.

दोन मिनिटांनी उत्तर: "मंग उद्या आपली तेच कंपनी टाका. ट्रेड टू ट्रेडमधून निघाली असंन तर."