अश्वाची मान आणि डळमळती पावले

शर्यतीच्या जातीचे एक शिंगरू. वय दीड वर्ष, हाडपेर मोठे, कांती तुकतुकीत. सोबतच्या शिंगरांपेक्षा झपाट्याने वाढलेले. एके सकाळी मोतद्दार त्याला तबेल्याबाहेर आणतो, तेव्हा त्याची मागची पावले भलतीकडेच पडताना दिसतात. वळताना बाहेरच्या बाजूचा पाय दूर फेकला जातो. थांबल्यावर एक पाय दुसऱ्यापुढे आडवा येतो आणि तसाच राहतो. आपला पाय कोठे आहे याची वार्ताच जणू त्या जनावराला नाही. अंगात ताप नाही, कोठे सूज नाही, खुरात खिळा रुतलेला नाही. दाणावैरण ते नेहमीप्रमाणे खाते. अशा वेळी सर्वांची नजर पायांकडे, फार तर कमरेकडे वळते. दोष मात्र पुष्कळदा तेथून तीन-चार हात पुढे, मानेच्या मणक्यांत असतो.

इंग्रजी बोलणारे अश्वपालक अशा जनावराला 'वॉबलर', म्हणजे डळमळणारा, असे म्हणतात. अमेरिकेतील केंटकी येथील डिमॉक आणि एरिंग्टन यांनी १९३९ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून हेच नाव शास्त्रीय लेखनातही रूढ झाले.

घोड्याच्या मानेत सात मणके असतात. माणसाच्या मानेतही सातच असतात आणि जिराफाच्याही. स्लॉथ आणि मॅनाटी यांसारखे मोजके अपवाद सोडले, तर सस्तन प्राण्यांत ही संख्या बदलत नाही. घोड्याच्या मानेचा कणा आयाळीच्या रेषेतून जात असावा, अशी पाहणाऱ्याची समजूत होते. ती चुकीची आहे. आयाळीखाली चिवट बंध आणि स्नायू असतात. मणक्यांची माळ डोक्यापासून निघते, वळण घेत पुष्कळ खाली उतरते आणि शेवटचे मणके खांद्याच्या जाड मांसाआड दडून जातात. ते हाताला लागत नाहीत व क्ष-किरणांनाही सहजासहजी दिसत नाहीत. या विकाराचे निदान कठीण होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

प्रत्येक मणक्याच्या मध्यभागी एक पोकळी असते. एकापुढे एक आलेल्या या पोकळ्यांतून जी नलिका बनते, तीतून मज्जारज्जू जातो. नलिका जन्मतः अरुंद राहिली, वाढीच्या काळात मणक्यांचा आकार बिघडला किंवा त्यांचे सांधे सुजून जाड झाले, म्हणजे मज्जारज्जूवर दाब पडतो. मागच्या पायांची स्थिती लहान मेंदूला कळवणारे तंतू या रज्जूच्या बाहेरच्या थरात असतात. त्यामुळे दाबाचा पहिला आघात त्यांच्यावर होतो. मान बिघडते आणि पाय मागचे लटपटतात, या कोड्याचा उलगडा येथे होतो. पुढचे पायही बिघडतात, पण सामान्यतः कमी प्रमाणात.

हा दाब दोन वयांत दोन प्रकारे येतो. सहा महिन्यांपासून सुमारे तीन वर्षांपर्यंतच्या शिंगरांत तो बहुधा मानेच्या मध्यभागी, तिसऱ्या ते पाचव्या मणक्यांच्या दरम्यान आढळतो आणि मान वाकवली की वाढतो. नरांत व वेगाने वाढणाऱ्या जनावरांत त्याचे प्रमाण अधिक असते. म्हणून काही पशुवैद्य अशा शिंगरांचा खुराक मोजून देतात आणि वाढ मुद्दाम मंदावतात. मालकाला अभिमान वाटावा अशी धष्टपुष्ट वाढ येथे हिताची ठरत नाही. प्रौढ घोड्यांत मात्र पाचव्या ते सातव्या मणक्यांमधील सांधे झिजून त्यांवर हाडाची वाढ होते व दाब कायमचा राहतो.

डळमळणाऱ्या प्रत्येक घोड्याची मान बिघडलेली असते, असे मात्र समजू नये. आपल्या देशात घोड्यांना 'कुमरी' नावाचा एक रोग होतो. गाईम्हशींच्या पोटात राहणाऱ्या एका बारीक कृमीची पिले डासांमार्फत घोड्याच्या शरीरात शिरतात, वाट चुकतात आणि मज्जारज्जूत भटकून त्याची नासाडी करतात. घोडा कमरेत खचतो. बाहेरची लक्षणे वॉबलरसारखीच दिसतात, उपाय मात्र सर्वस्वी निराळा.

म्हणून परीक्षा क्रमाने करावी लागते. घोड्याला लहान वर्तुळात फिरवतात, मागे सरकवतात, डोके वर धरून उतारावरून चालवतात; चालत असताना शेपटी बाजूला ओढून तो कितपत प्रतिकार करतो हेही पाहतात. दोषाची तीव्रता शून्य ते पाच या श्रेणीत मांडली जाते आणि पाचव्या श्रेणीतील घोडा उठूच शकत नाही. त्यानंतर क्ष-किरण चित्रे घेतात. शंका उरल्यास भूल देऊन मज्जारज्जूभोवतालच्या द्रवात रंजकद्रव्य सोडतात. ज्या ठिकाणी त्याची रेषा दबते, तेथे अडचण आहे असे मानतात.

एके काळी पुष्कळ वॉबलर घोड्यांच्या नशिबी गोळी येत असे. पाठीवर माणूस असताना एक हजार पौंडांचे जनावर कोसळले, तर दोघांचाही जीव धोक्यात येतो. त्यामुळे या निर्णयाला निव्वळ क्रौर्य म्हणता येत नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात पामेला वॅग्नर, बॅरी ग्रँट आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात निराळी वाट काढली. माणसाच्या मानेवर होणारी एक शस्त्रक्रिया त्यांनी घोड्यावर केली: दोन मणक्यांमध्ये हाडाचा तुकडा बसवून ते एकजीव करायचे, म्हणजे तेथील हालचाल थांबते आणि दाब ओसरतो. पुढे अस्थिशल्यविशारद जॉर्ज बॅग्बी यांनी हाडाच्या तुकड्याऐवजी सच्छिद्र पोलादी नळकांडे योजले. त्यात घोड्याच्याच हाडाचा चुरा भरला जाई. या कल्पनेतून माणसाच्या पाठीसाठी आटे असलेले धातूचे पिंजरे तयार झाले आणि १९९६ साली अमेरिकेत त्यांच्या वापरास अनुमती मिळाली. माणसावरील उपचार घोड्याकडे गेला आणि सुधारून परत आला!

या उपचाराचा सर्वांत नामांकित लाभार्थी म्हणजे सिएटल स्ल्यू. १९७७ साली एकही शर्यत न हरता त्याने अमेरिकेतील तिहेरी मुकुट पटकावला होता. उतारवयात त्याच्या मानेचे सांधे झिजले आणि पावले डगमगू लागली. २००० साली, २६ व्या वर्षी, त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली व तो पुन्हा पैदाशीच्या कामास लागला. २००२ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षी ७ मे रोजी, केंटकी डर्बी जिंकल्याला नेमकी २५ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, तो मरण पावला. शस्त्रक्रियेने घोडा पूर्ववत होतोच असे नाही. एक-दोन श्रेणींची सुधारणा झाली, तरी ती मोठी मानली जाते.

मज्जारज्जूवर दाब नसतानाही मान दुखू शकते, आणि हे दुखणे ओळखणे अधिक नाजूक काम आहे. असा घोडा एका बाजूस वळण्यास नाखूश असतो, जमिनीवरचे गवत खाताना पुढचे पाय फाकवतो, खोगीर पाहून कान मागे टाकतो, कधी पुढच्या पायाने लंगडतो. स्वार त्याला हट्टी ठरवतो आणि चाबूक उचलतो.

अलीकडील वादही याच दुखण्याभोवती चालू आहे. सहाव्या मणक्याच्या खालच्या अंगाला हाडाचे दोन रुंद पंख असतात. मान खाली ओढून स्थिर ठेवणारा एक लांब स्नायू त्यांना जोडलेला असतो. काही घोड्यांत यांतील एक किंवा दोन्ही पंख अपुरे असतात व कधी तशी वाढ सातव्या मणक्यावर दिसते. ऑस्ट्रेलियातील शेरॉन मे-डेव्हिस यांनी २०१४ मध्ये या जन्मजात फरकाकडे लक्ष वेधले. थरोब्रेड जातीत तो विशेष आढळला होता. मग वेदना, अडखळणे, अनावर वर्तन या साऱ्यांचे मूळ त्यात आहे असे पुष्कळांना वाटू लागले आणि घोडा विकत घेण्यापूर्वी त्या मणक्याचे चित्र मागितले जाऊ लागले. परंतु २०२० साली नेदरलँड्समधील संशोधकांनी वॉर्मब्लड जातीच्या घोड्यांची तपासणी केली, तेव्हा या फरकाचा लक्षणांशी संबंध दिसून आला नाही. इतर काही अभ्यासकांना मानेच्या वेदनेशी त्याचा संबंध आढळला आहे, आणि प्रश्न अद्याप मिटलेला नाही. चित्रात दिसणारा वेगळेपणा आणि घोड्याला होणारी वेदना यांची सांगड प्रत्यक्ष तपासणीनेच घालावी लागते. निव्वळ चित्र पाहून निरोगी जनावर नाकारले जाते, आणि चित्र निर्दोष आले म्हणून दुखणाऱ्या मानेवर खोगीर चढते. या दोन्ही चुका आजही तबेल्यांतून होत आहेत.