आधी उकड, मग पाव

बहुधान्य पावासाठी लागणारे एकही धान्य अहिल्यानगर जिल्ह्याला बाहेरून आणावे लागत नाही. जामखेड-कर्जतची रब्बी ज्वारी, पारनेर-पाथर्डीची बाजरी, अकोल्याच्या डोंगरउतारावरची नाचणी, कालव्याखालच्या राहुरी-राहात्याचा गहू, सगळे इथेच पिकते. तरीही ही पिठे गव्हात निम्मी-निम्मी मिसळून पाव केला, तर तो फुगत नाही. विटेसारखा घट्ट बसतो.

कारण प्रथिनांत आहे. गव्हातली ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने पाणी लागून मळली गेली, की ग्लुटेनचे लवचीक जाळे तयार होते. यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यात अडकतो आणि पाव वर येतो. ज्वारीतही प्रथिने असतात, पण त्यांतले प्रमुख काफिरिन बारीक कणांत बंदिस्त असते. ते पाण्याने सैल होत नाही आणि जाळेही विणत नाही. भरीला, जाडसर कोंडा गव्हाचे जाळे तोडत जातो.

ग्लुटेनशिवाय पीठ धरून ठेवण्याची युक्ती मात्र आपल्या चुलीपाशी जुनीच आहे. दळण जुने होऊन विरी गेली, की ज्वारीची भाकरी थापताना चिरते. मग आधणाचे पाणी घालून उकड काढतात. साधारण ७० अंश सेल्सियसच्या आसपास स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि चिकट होतात. हीच उकड पावातही कामी येते. भरड धान्याचे पीठ आधीच पाणी प्यालेले असल्याने ते गव्हाच्या वाट्याचे पाणी ओढत नाही, आणि पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो.

प्रमाण असे ठेवावे: १०० ग्रॅम ज्वारी, बाजरी किंवा नाचणीच्या पिठात १४० ग्रॅम उकळते पाणी ओतून झाकावे. उकड पूर्ण गार झाल्यावरच ३०० ग्रॅम गव्हाचे पीठ, ८ ग्रॅम मीठ, ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, दोन चमचे दही आणि लागेल तसे १५० ते १८० ग्रॅम पाणी घालावे. उकड गरम असेल तर यीस्ट मरते. पीठ दहा मिनिटे मळून दुप्पट होईपर्यंत ठेवावे, साच्यात घालून पुन्हा फुगू द्यावे आणि २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे भाजावे. नगरच्या उन्हाळ्यात पीठ लवकर फुगते. तेव्हा घड्याळाकडे नव्हे, पिठाकडे पाहावे आणि गार पाणी वापरावे.

दही केवळ चवीसाठी नाही. धान्यातले फायटिक आम्ल लोह आणि जस्त बांधून ठेवते. पीठ किंचित आंबट झाले, की गव्हातले फायटेज हे विकर ते आम्ल तोडते आणि खनिजे शरीराला अधिक मिळतात. बाजरीच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे. इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेने आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मिळून तयार केलेले 'धनशक्ती' हे लोहसमृद्ध वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रात आले. त्यात किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. मात्र बाजरीत स्निग्धांश जास्त असल्याने पीठ आठवडा-दोन आठवड्यांत कडवट होते. म्हणून बाजरी थोडी थोडीच दळावी.

विकतचा 'मल्टिग्रेन' पाव घेताना वेष्टनावरची घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलाच घटक मैदा असेल, तर वरून पेरलेल्या तिळा-जवसाला फसू नये. घरच्या पावात भरड धान्य पाव हिश्शाएवढेच बसते, भाकरीत मात्र ते पूर्ण असते. म्हणून ज्या घरात भाकरी होते, तिथे तिची जागा या पावाला देऊ नका. द्यायची तर मैद्याच्या पावाची द्या.