करवत सर्वांची, हिशेब कुणाचा?

दिवाळीची साफसफाई निघाली, की माळ्यावरून काय काय खाली उतरते! त्यात हमखास निघते ते विजेवर चालणारे ड्रिल. चार वर्षांपूर्वी हौसेने घेतलेले, दोन खुंट्या आणि एक पडद्याची दांडी एवढ्यावरच ज्याचा पराक्रम संपला, असे. शेजारच्या बिऱ्हाडातही तसेच एक असते आणि वरच्या मजल्यावरही. गृहिणी म्हणते, “एवढ्या पैशांत सुताराला दहा वेळा बोलावला असता!” आणि गृहस्थ ऐकू न आल्यासारखे करतात.

मग नाशिकसारख्या शहरात सर्वांनी मिळून एकच कार्यशाळा का थाटू नये? करवती, रंधे, ड्रिल, वेल्डिंगचे यंत्र, शिवणयंत्रे एका छपराखाली ठेवावीत, सभासदांनी वर्गणी भरावी आणि ज्याला जे लागेल ते त्याने वापरावे. वाड्यांच्या जागी फ्लॅट आले आणि ठोकठोक करायला अंगण उरले नाही. दुसरीकडे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उभी हयात घालवून निवृत्त झालेले, लेथवर हात बसलेले कितीतरी कसबी लोक गंगापूर रोडला सकाळचे फिरून आले, की दिवसभर वर्तमानपत्र उलटेपालटे करीत बसतात. तेव्हा माणसे आहेत आणि गरजही आहे.

कल्पना नवी नाही. वर्गणी भरून वस्तू समाईक वापरण्याची सवय या शहराला 1840 पासून आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय त्या सालचे. पण पुस्तक आणि करवत यांत एक फरक आहे. पुस्तक शंभरांनी वाचले तरी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या बोथट होत नाहीत. करवतीचे पाते मात्र दहाव्या माणसाच्या हाती जाईपर्यंत बोथट होते, आणि अकराव्याने नवे मागितले की ते कुणाच्या पैशांनी आणायचे, हा प्रश्न उभा राहतो. अशा संस्थांतले निम्मे तंटे या एका पात्यावरून होतात असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती व्हायची नाही.

तेव्हा उत्साह क्षणभर बाजूला ठेवून कागद-पेन्सिल घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. समजा, साठ सभासद जमले. प्रत्येकाने पाच हजारांचा भाग घेतला. त्या तीन लाखांत यंत्रे आली. शिवाय प्रत्येकी तीन हजार अनामत, म्हणजे एक लाख ऐंशी हजार बँकेत. मासिक वर्गणी पाचशे, म्हणजे महिन्याला तीस हजार. खर्च पाहा: जागेचे भाडे चौदा हजार, वीज साडेतीन हजार, देखरेखीला अर्धवेळ मदतनीस आठ हजार, सफाई व किरकोळ दुरुस्ती दोन हजार. बेरीज साडेसत्तावीस हजार. अडीच हजार शिल्लक! चिटणीस मिशांवर ताव देतात आणि पहिल्या वार्षिक सभेत पेढे वाटले जातात.

पण थांबा. तीन लाखांची यंत्रे सरासरी आठ वर्षे टिकतील असे धरले, तर दरमहा तीन हजार सव्वाशे रुपये झिजेपोटी बाजूला पडायला हवेत. म्हणजे शिल्लक तर नाहीच, उलट सव्वासहाशेची तूट, आणि तीही साठच्या साठ सभासदांनी वेळेवर पैसे दिले तर! आपल्याकडची वर्गणी म्हणजे काय चीज आहे, हे गणेशोत्सवाच्या पावतीपुस्तकासह दारोदार फिरलेल्याला सांगायला नको. मे महिन्यात लोक गावी जातात, मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा असतात. साठांपैकी अठ्ठेचाळीसच भरतात, असे धरा. जमा चोवीस हजार. झीज विसरली तरीही महिन्याला साडेतीन हजार कमी.

आता खरी मेख पाहा. संस्था बंद पडत नाही, कारण बँकेत अनामत आहे ना! वर्षाला बेचाळीस हजार तिच्यातून काढले, तरी चार वर्षे दिवे लागतात, यंत्रे फिरतात, कुणाला काही कळत नाही. पाचव्या वर्षी कुणाची बदली होते, तो अनामत परत मागतो आणि मग साऱ्यांच्या लक्षात येते, की ती केव्हाच भाड्यात गेली. त्याच सुमारास वेल्डिंगचे यंत्रही मान टाकते. पैसे बुडतातच, पण त्याहून वाईट असे की एकाच आळीतली माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. कुणी एक दमडी खाल्लेली नसते, तरीही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत ‘टेकशॉप’ नावाची कंपनी 2006 साली कॅलिफोर्नियात निघाली. महिन्याची वर्गणी भरा आणि सारी यंत्रे वापरा, असा तिचा बाणा. पसारा वाढत गेला. आणि 15 नोव्हेंबर 2017 रोजी अमेरिकेतल्या तिच्या दहाही कार्यशाळांना एकदम कुलपे लागली, कंपनीने दिवाळे जाहीर केले. बरेच सभासद आगाऊ पैसे भरून बसले होते. कंपनी सभासदांची नव्हती. सभासद गिऱ्हाईक होते. मालकी आणि वर्गणी यांतले अंतर त्या दिवशी त्यांना कळले.

उलट उदाहरण शोधायला गिरगावापलीकडे जायला नको. 15 मार्च 1959 रोजी तिथल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या सहा मैत्रिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही छगनलाल करमशी पारेख या समाजसेवकाकडून उसने घेतलेले. तोटा आला तरी कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही, असे त्यांनी प्रथमपासून ठरवले. छगनबापांनी दोन गोष्टी कटाक्षाने सांगितल्या: उत्तम आणि हलका असे दोन प्रतींचे पापड करू नका, एकच चांगला करा, आणि हिशेब चोख ठेवा. पहिल्या वर्षी विक्री सहा हजार रुपयांच्या थोडी वर गेली. पण पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद! दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणली, तिच्याखाली स्टोव्ह पेटवला, वर पापड पसरले. ‘लिज्जत’चा पहिला यंत्रविभाग म्हणायचा तो हाच. आणि कारभार असा, की लाटणारी प्रत्येक बहीण ही संस्थेची भागीदार. नफा तिचा, तोटाही तिचाच. जसवंतीबेनना 2021 साली पद्मश्री मिळाली.

या खाटेत आपल्या कार्यशाळेला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. त्या बायकांनी मोठ्या वाळवणयंत्रासाठी कर्ज काढले नाही. जेवढी अडचण, तेवढाच खर्च. आमचे उत्साही सभासद मात्र पहिल्याच महिन्यात लेसरने कापणारे यंत्र मागतात, आणि ते वापरणारे निघतात तिघे! अशा यंत्राचा भार साठांवर का टाकावा? त्याला ताशी दर लावावा. सँडपेपर, डिंक, वेल्डिंगच्या कांड्या, करवतीची पाती ही ज्याने वापरली त्याने मोजावी. वर्गणीतून फक्त दार उघडे राहावे. दार उघडे ठेवायलाच किती लागते हे विजेच्या बिलावरून समजते: एक दिवा लावला नाही तरी स्थिर आकार यायचा तो येतोच.

इंग्लंडात रॉचडेल गावच्या 28 कामकऱ्यांनी 1844 च्या डिसेंबरात लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्या यांचे सामाईक दुकान थाटले, तेव्हा आठवड्याला दोन-दोन पेन्स साठवून 28 पौंड उभे केले होते. त्यांचा एक नियम कडक: उधारी नाही. आधीची कित्येक दुकाने उधारीनेच बुडालेली त्यांनी पाहिली होती. दर तिमाहीला हिशेब सभासदांपुढे यायचा. आपल्याकडे चिटणिसांना उधारी नाकारण्याचा संकोच वाटतो. “आपलेच आहेत, देतील” असे म्हणतात. आपले असतात म्हणूनच मागता येत नाही, ही त्यातली अडचण.

एक प्रश्न मात्र आकडेमोडीने सुटत नाही. पाचशे रुपये कॉलेज रोडच्या कुटुंबाला जड नाहीत. पण पंचवटीतल्या ज्या मुलीला शिवणयंत्रावर चार पैसे मिळवायचे आहेत, तिला ते जड आहेत, आणि यंत्राची खरी गरज तिलाच आहे. तिच्याकडून दोनशे घ्यावेत असे माझे मत. मात्र ती सवलत गुपचूप देऊ नये, आणि अनामतीतून तर मुळीच नाही. “सवलतीपोटी इतकी तूट” असा एक रकाना वहीत असावा आणि तो कुणाच्या वर्गणीतून भरायचा हे सभेत ठरावे. ज्यांना शक्य असेल ते सहाशे-सातशे देतील. मुलीचे नाव मात्र त्या रकान्यात लिहायचे नाही.

आणि महिन्याचा जमाखर्च दारामागे टांगावा, मोठ्या अक्षरांत: किती आले, किती गेले, किती थकले, अनामत किती शाबूत, झिजेच्या खात्यात किती. करवत घ्यायला येणारा प्रत्येकजण तो वाचेल. त्यातल्या दोघाचौघांना बेरीज चुकलेली दिसेल, आणि ते ती सांगितल्यावाचून राहायचे नाहीत. नाशिककर आहेत ते!