घरगुती बिअरनिर्मितीतील पोशाख

घरगुती बिअरनिर्मितीतील पोशाख म्हणजे घरी बिअर तयार करताना भाजणे, रसायनांची इजा व काचेच्या जखमा टाळण्यासाठी, तसेच बिअर दूषित होऊ नये म्हणून वापरले जाणारे कपडे, पादत्राणे व संरक्षक साधने होत. यासाठी ठरावीक गणवेश नाही. द्रव थंड होईपर्यंत पोशाख प्रामुख्याने माणसाचे रक्षण करतो; त्यानंतर माणसाच्या अंगावरील जंतूंपासून बिअरचे रक्षण करणे हेही त्याचे काम ठरते.

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये घरगुती बिअरनिर्मितीसाठीची परवान्याची अट १९६३ साली रद्द झाली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली स्वाक्षरी केलेल्या कायद्याने घरगुती वापरापुरत्या बिअरला संघराज्याच्या करातून सूट मिळाली. त्यानंतर हा छंद तेथे झपाट्याने पसरला. एका वेळी साधारणतः १९ लिटर बिअर केली जाते. भरडलेले माल्ट सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात भिजवतात. त्यातून मिळणारा गोड द्रव, म्हणजेच वर्ट, हॉप्स घालून ६० ते ९० मिनिटे उकळतात. तो सुमारे २० अंशांपर्यंत थंड झाल्यावर त्यात यीस्ट मिसळतात.

उकळण्याचा टप्पा

सर्वाधिक धोका या टप्प्यात असतो. वर्टला उकळी फुटताना प्रथिनांचा फेस वर येतो आणि हॉप्स टाकताच तो भांड्याबाहेर उतू जाऊ शकतो. साखरेमुळे वर्ट चिकट असते व त्वचेला धरून राहते.

कापडाची निवड येथे महत्त्वाची ठरते. नायलॉन व पॉलिस्टर ज्योतीजवळ वितळून त्वचेला चिकटतात, म्हणून गॅसच्या शेगडीपाशी सुती कपडे श्रेयस्कर मानले जातात. मात्र सुती कापड उकळता द्रव शोषून अंगाशी धरून ठेवते. त्यामुळे सुती कपड्यांवर गुडघ्याखाली पोहोचणारा जलरोधक ॲप्रन घालतात. ॲप्रनचे बंद, सैल बाह्या व ओढणी ज्योतीजवळ लोंबकळू देऊ नयेत.

पायांत चप्पल असल्यास सांडलेले वर्ट थेट त्वचेवर पडते. गमबूट त्यापासून बचाव करतात. पण विजार बुटांत खोचल्यास द्रव आत उतरून तेथेच साचतो. म्हणून विजारीचे पाय बुटांच्या बाहेरून सोडले जातात. हातांसाठी कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे योग्य ठरतात. स्वयंपाकघरातील कापडी हातमोजे ओले झाल्यावर उष्णता लगेच हातापर्यंत पोहोचवतात.

रसायने

भांडी धुण्यासाठी अल्कलीयुक्त पावडरी, क्वचित कॉस्टिक सोडा आणि निर्जंतुकीकरणासाठी फॉस्फरिक आम्लावर आधारित द्रावणे वापरली जातात. पातळ द्रावणापेक्षा मूळ संहत रसायन मोजून घेताना धोका अधिक असतो. त्या वेळी रसायनरोधक हातमोजे व बाजूंनीही बंद असलेला संरक्षक चष्मा आवश्यक असतो. साधा नंबरचा चष्मा पुरेसा नसतो. पातळ नायट्राइल हातमोजे सौम्य द्रावणांपासून संरक्षण देतात, उष्णतेपासून नाही. ब्लीच व आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. त्यावर कोणताही पोशाख हा उपाय नाही.

काच आणि दाब

किण्वनासाठी वापरली जाणारी १९ लिटरची काचेची बरणी भरल्यावर सुमारे २५ किलोग्रॅम वजनाची होते व ओल्या हातातून निसटू शकते. ती हलवताना न घसरणाऱ्या तळव्यांचे बंद बूट घालतात. किण्वन अपुरे असताना बिअर बाटलीत भरल्यास किंवा साखर जास्त पडल्यास दाब वाढून बाटली फुटते. अशी शंका असलेल्या बाटल्या हाताळताना संरक्षक चष्मा, जाड हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरतात.

थंड वर्टची हाताळणी

थंड झालेले वर्ट जंतूंच्या वाढीस अनुकूल असते. माल्टच्या धुळीत बिअर आंबवणारे लॅक्टिक आम्लाचे जीवाणू असतात. त्यामुळे माल्ट दळताना धूळ श्वासात जाऊ नये म्हणून मुखपट्टी लावतात आणि यीस्ट मिसळण्यापूर्वी धुळीने माखलेले कपडे बदलतात. केस बांधणे, अंगठ्या व घड्याळ काढणे आणि बाह्या दुमडणे हेही या टप्प्यात आवश्यक मानले जाते.

इजा झाल्यास

पोशाख लगेच काढता येण्याजोगा असावा. गरम द्रव सांडल्यास भिजलेले कपडे व दागिने तत्काळ काढून भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरतात. त्वचेला चिकटलेले कापड ओढू नये व बर्फ लावू नये. डोळ्यांत रसायन गेल्यास लगेच भरपूर पाण्याने किमान १५ मिनिटे धुऊन वैद्यकीय मदत घ्यावी.

महाराष्ट्रातील कायदेशीर स्थिती

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे.