खडू : नांव एक, द्रव्यें अनेक

ज्यांचें आयुष्य फळ्यापुढें गेलें, त्या आमच्यासारख्यांस ‘खडू’ हा शब्द अगदीं घरचा वाटतो. परंतु खडू म्हणजे काय, असें नातवंडानें विचारल्यास ‘पांढरा, मऊ, लिहावयाचा पदार्थ’ एवढ्या उत्तरानें भागत नाहीं. कारण ह्या एका नांवाखालीं निरनिराळीं द्रव्यें नांदत आहेत.

संस्कृतांत खडूस खटी, खटिका, कठिनी अशीं नांवें आहेत. भूशास्त्रज्ञांचा खडू हा एक प्रकारचा चुनखडक होय. समुद्रांतील अतिसूक्ष्म शैवालांचीं चुन्याचीं कवचें तळाशीं सांचून तो बनला. इंग्लंडांतील डोव्हरचे पांढरे कडे ह्याच खडकाचे आहेत. १८६८ सालीं टॉमस हक्स्ली ह्यांनीं नॉरिच येथील कामकऱ्यांपुढें ‘खडूचा एक तुकडा’ एवढ्याच विषयावर व्याख्यान देऊन पृथ्वीचा इतिहास उलगडून दाखविला. लॅटिन भाषेंत खडूस ‘क्रेटा’ म्हणतात. त्यावरूनच क्रिटेशस ह्या युगास नांव मिळालें. तें सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं संपलें, व त्याच संधिकालीं महाराष्ट्राचा काळा दगड लाव्हारसाच्या रूपानें पसरत होता. खडूचें युग मावळतांना आमच्या भूमीनें आपला फळा काळा करून ठेविला, असें विनोदानें म्हणावयास हरकत नाहीं!

शाळेंतील खडू मात्र पुष्कळदां त्या खडकाचा नसतो. जिप्सम भाजून केलेल्या पिठांत पाणी कालवून तें साच्यांत ओतलें, कीं कांडी तयार होते. शिंपी कापडावर ज्या चपट्या वडीनें रेघ ओढतो, ती बहुधा शंखजिऱ्याची. आणि मुलांच्या तेलखडूंत व मेणखडूंत तर तेलामेणाचाच कारभार. तरीही ह्या सर्वांस आपण खडूच म्हणतों. ह्याचा अर्थ असा, कीं हा शब्द द्रव्यास नव्हे, कामास चिकटून राहिला आहे. हातांत धरून खूण उमटवावयाची ती खडू!

१९८७ सालीं शाळांना किमान साधनें पुरविण्याची सरकारी योजना निघाली, तिला मराठींत ‘खडू-फळा मोहीम’ म्हणूं लागले; विद्येचा सारा संसार त्या दोन शब्दांत मावला. आज कित्येक वर्गांतून गुळगुळीत पांढरे फळे व विजेचे पडदे आले आहेत. त्यांत वाईट कांहीं नाहीं. खडूची धूळ कोणाच्याच छातीस हितावह नव्हती. पण जो शब्द कामावर जगतो, तो काम सुटल्यावर फार दिवस टिकत नाहीं. बोरू, टाक व दौत हे शब्द आमच्या डोळ्यांदेखत घरांतून गेले.

आणि खडूबरोबर एक गुणही जाईल. चुकलेलें अक्षर तळहातानें पुसून मूल पुन्हा लिहूं लागतें. चुकीची लाज त्याच्या मनांत घर करीत नाहीं. म्हणून घरांत एक पाटी व दोन खडू असूं द्यावेत, अशी गृहिणींस आमची विनंति आहे.

गुणिजनांची मोजदाद सुरू होतांच ज्याच्या नांवासाठीं कठिनी लगबगीनें पडत नाहीं, त्याचें जिणें व्यर्थ, अशा अर्थाचा श्लोक हितोपदेशाच्या प्रस्तावनेंत आहे. पाटीवर पुसत पुसत शिकलेल्या मुलाच्या नांवासाठीं पुढें तीच कठिनी पडावी, ह्याहून वडील माणसांनीं दुसरें काय इच्छावें?