वाजीकरणाच्या पुडीआडचा अबोला

अन्य रुग्ण निघून जाईपर्यंत दाराशी घुटमळणारा आणि मग खुर्ची पुढे ओढून "वैद्यराज, ताकदीचे काहीतरी द्या" असे हळूच म्हणणारा गृहस्थ आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. औषधविक्रेते बंधू तर त्यास अधिकच ओळखतात. आमच्याकडे येण्यापूर्वी त्याने दुकानातून दोन-तीन डब्या नेलेल्या असतात.

काही वर्षांपूर्वी असेच एक चाळिशीतील गृहस्थ आमच्याकडे आले. विवाहास चौदा वर्षे झालेली, दोन अपत्ये, कारखान्यात पाळीची नोकरी. मधुमेह, रक्तदाब तपासून घेतला, दोन्ही नव्हते. (ही तपासणी कधीही वगळू नये. या तक्रारीमागे मधुमेह अनेकदा असतो, रक्तदाबाची काही औषधेही असतात.) अश्वगंधा व कपिकच्छूचे चूर्ण दुधातून दिले. तीन महिन्यांत झोप सुधारली, वजन वाढले, मूळ तक्रार मात्र तशीच राहिली. पत्नीस सोबत आणा, हे सांगणे आम्हांस चौथ्या महिन्यात सुचले, हा आमचाच दोष.

बाई आल्या त्या कंबरदुखी घेऊन. एकटीशी बोलल्यावर कळले की सासूबाईंच्या आजारात दोन वर्षे सर्व सेवा त्यांनीच केली, आणि "तू दमलीस" एवढेही त्यांना कोणी म्हटले नाही. रात्री पतीचा हात लागला की अंग आखडे. त्या आखडण्यात पतीस स्वतःची उणीव दिसे. घरात भांडण नव्हतेच. मुलांची फी आणि गॅसची टाकी यांपलीकडे बोलणेच उरले नव्हते. माहेरी जाऊन राहण्याचे बाईंनी मनाशी ठरवले होते, पतीस त्याची गंधवार्ताही नव्हती.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ११ व्या अध्यायात चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले. त्यांतील सत्त्वावजय आपण परीक्षेपुरता पाठ करतो आणि चिकित्सालयात विसरतो. चिकित्सास्थानात वाजीकरण सांगतानाही आचार्य द्रव्यांच्या आधी मनास प्रसन्न करणाऱ्या सहचारिणीला श्रेष्ठ स्थान देतात. तेथे विचार पुरुषाच्या बाजूने आहे हे मान्य. आज तो दोघांसाठी वाचला पाहिजे.

बाईंची संमती घेऊनच आम्ही दोघांना एकत्र बसवले. नियम साधा होता: एकाने पाच मिनिटे बोलावे, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकावे आणि ऐकलेले स्वतःच्या शब्दांत परत सांगावे. "तू कधीच..." ऐवजी "मला असे वाटले" अशी सुरुवात करावी. पहिल्या बैठकीत गृहस्थ ऐकलेले सांगण्याऐवजी खुलासेच देत राहिले. दुसऱ्या बैठकीत बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "आईचं सगळं हिनं केलं. मी पाळीसुद्धा बदलून घेतली नाही." बाई रडल्या. आम्ही त्या वेळी काहीही बोललो नाही.

महिनाभर शरीरसंबंधाची अपेक्षाच ठेवू नये, जेवणानंतर शतपावली एकत्र करावी आणि रात्री एकमेकांच्या पायांना तिळतेल लावावे, असे सुचवले. अपेक्षेचे ओझे उतरवून केवळ स्पर्शापासून आरंभ करण्याची अशीच पद्धत मास्टर्स व जॉन्सन यांनी १९७० मध्ये मांडली होती. पादाभ्यंग आपल्या दिनचर्येत आधीपासूनच आहे.

मात्र जेथे मारहाण वा धाक आहे, तेथे एकत्र बैठक घेऊ नये. स्त्री समोर बोलली तर घरी तिलाच भोगावे लागते. तिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची आणि १८१ या क्रमांकाची माहिती एकांतात द्यावी. जीव नकोसा झाल्याची भाषा असेल तर विलंब न करता मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. औषधविक्रेत्यांनी गल्ल्यावर समुपदेशन करावे अशी अपेक्षा नाही. "साखर तपासली का? वैद्यांना दाखवले का?" एवढे विचारले तरी पुष्कळ. लैंगिक शक्तिवर्धनाच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, तेव्हा तसले फलकही दुकानात नसावेत.

त्या गृहस्थांचे चूर्ण आम्ही पाचव्या महिन्यात बंद केले. तिळतेल मात्र ते अजून नेतात. गेल्या खेपेस बाटली न्यायला बाई स्वतः आल्या होत्या. कंबर अजून दुखते म्हणाल्या.